रिमचा कार्पेट एरिया

भिसेगावात उभ्या सायकलजवळून कोणी सरळ पुढे जात नाही. माणूस थांबतो, वाकतो, मागचा टायर अंगठ्याने दाबतो आणि निकाल देतो, "हवा कमी आहे." सायकल कोणाची, चालवणाऱ्याचं वजन किती, त्याला जायचंय कुठे, याची चौकशी होत नाही. निकालही कायम एकच. टायर दाबून "हवा जास्त झालीय, थोडी सोडा" असं म्हणणारा अंगठा आमच्या गावात अजून जन्माला यायचाय.

हे अंगठे तयार झाले काळ्या सायकलींवर. रॉडचे ब्रेक, घंटी, कॅरिअर, स्टँड आणि २८ गुणिले दीड इंचाचा टायर. कॅरिअरवर भाताचं पोतं, हँडलला दुधाची किटली आणि दांडीवर सासुरवाडीचा पाहुणा, एवढं घेऊन ती सायकल भर पावसातही चालायची. टायर कोणता घ्यावा हा प्रश्नच नव्हता. दुकानात छताला एक माप टांगलेलं असे, तेच सगळ्यांचं. "रिमची आतली रुंदी किती?" असं कोणी विचारलं असतं, तर दुकानदाराने त्याला आधी सावलीत बसवून पाणी दिलं असतं.

आता असले प्रश्न विचारायचे दिवस आले आहेत, आणि त्याला कारण रविवार.

कर्जत मुंबईपासून रेल्वेने १०० किलोमीटर. स्टेशनची एक बाजू कर्जत गावाकडे, दुसरी आमच्या भिसेगावकडे. पाऊस सुरू झाला की दर रविवारी मुंबई, ठाणे, पनवेलहून सायकलवाल्यांच्या झुंडी येतात. कोणी कोंढाण्याच्या लेण्यांकडे निघतो, कोणी कशेळ्यावरून आंबिवलीला, पेठच्या किल्ल्याखाली. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, काळे चष्मे, आणि खिसे पाठीवर. खिसे पाठीवर असतात हे कळल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "लोकलमध्ये कसं व्हायचं हो यांचं?"

या मंडळींच्या टायरकडे गावाचं बारीक लक्ष असतं. पूर्वी ते टायर बोटाएवढे बारीक असत. पंधराएक वर्षांपूर्वी शर्यतीतले सायकलपटू २३ मिलिमीटरचे टायर वापरत आणि त्यात दगडासारखी हवा भरत. पुढे मोजमापं झाली आणि लक्षात आलं, की खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत पायातली ताकद फुकट जाते. रुंद टायर, कमी हवा, म्हणजे चाक रस्त्याला धरून राहतं. शर्यतवाले २८ वर गेले, ३० वर गेले. कच्च्या रस्त्याचे शौकीन ४० आणि ४५ वर गेले. डोंगरातले तर पन्नाशीच्याही पुढे. कर्जत तालुक्यातले रस्ते पाहता आम्हाला हे शास्त्र कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे मोजमापं कंबर घेते.

तर रुंद टायर ही चांगलीच गोष्ट आहे. त्यात तो ट्यूबलेस. ट्यूबलेस म्हणजे काय, हे गावाला मोटारसायकलींमुळे ठाऊक आहे: खिळा घुसला तरी गाडी घरी येते. सायकलच्या ट्यूबलेसमध्ये आत रबराच्या चिकाचं पांढरं सीलंट घालतात. भोक पडलं की ते तिथे धावतं आणि गोठून बसतं. बाभळीच्या काट्यांनी ज्यांची निम्मी शाळा बुडाली, त्या पिढीला हा शोध विमानाहून मोठा वाटतो.

गडबड पुढे होते. टायर डोळ्याला दिसतो. त्याच्यावर ठळक अक्षरं असतात, नक्षी असते, मापही मोठ्या अभिमानाने छापलेलं असतं. रिम बिचारी टायरच्या आत दडलेली. ती किती रुंद आहे ते टायर उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि उतरवल्यावरही पाहायचं कोणाला सुचत नाही. त्यामुळे जगात रुंद टायर हवा असणारे पुष्कळ, रुंद रिम हवी असणारा एखादाच.

आमचा भाचा पहिल्या गटातला. इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे मोजण्याच्या कामात कच्चा. त्याच्याकडे एक हायब्रिड सायकल आहे, डिस्क ब्रेकची, चार वर्षं इमानाने चाललेली. एका सेलमध्ये त्याने २.१ इंची ट्यूबलेस टायरची जोडी मागवली. खोक्यावर २९ लिहिलेलं, सायकलच्या चाकावर ७००.

"मामा, २९ चा टायर ७०० च्या रिमवर बसतो," तो म्हणाला.

मला वाटलं अभ्यासाचा ताण पडलाय. पण त्याचं खरं होतं. सायकलच्या टायरची मापं जन्मपत्रिकेपेक्षा गूढ असतात. ७०० हे जुनं फ्रेंच माप. टायर धरून चाकाचा बाहेरचा व्यास अंदाजे ७०० मिलिमीटर, पुढे जाडीप्रमाणे ए, बी, सी, डी. आज सीच उरलाय, आणि टायर बारीक-जाड झाल्यामुळे बाहेरचा व्यासही ७०० राहिलेला नाही. टायरची कड रिमवर जिथे टेकते, तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. आणि हायब्रिडचं २८, डोंगरी सायकलचं २९ आणि फ्रेंचांचं ७०० सी या तिन्हींचा तो व्यास एकच, ६२२. उलट आमच्या काळ्या सायकलचं जे २८ आहे, त्याचा व्यास ६३५. म्हणजे २८ च्या रिमवर २९ चा टायर बसतो, पण २८ च्या रिमवर २८ चा बसेलच असं नाही. हा १३ मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर अगदी सहज चढतो, आणि हवा भरली की तेवढ्याच सहज उतरतो. हवेत.

व्यास जुळला एवढ्यावर भाचा खूश. त्याने चाक खांद्यावर टाकलं आणि पंक्चरच्या दुकानात गेला. मीही गेलो, कारण रविवार होता आणि घरी पंखा पुसायचा होता.

दुकानातले शेठ अनुभवी माणूस. चाकाचा आऊट ते बोटाच्या नखाने काढतात. त्यांनी टायर हातात घेतला, वजन पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, "माल चांगला आहे." मग रिमवर टेपचे दोन वेढे, व्हॉल्व, सीलंट, साबणाचं पाणी. टायर चढवायला त्यांना पान्हासुद्धा लागला नाही. "बसला की!" ते म्हणाले. एखादी गोष्ट बसली की ती बरोबर आहे, असं मानणाऱ्या प्राचीन परंपरेतले ते शेवटचे आचार्य. पहिले कोण हे माहीत नाही, पण वारसदार मला सरकारी इमारतींत बरेच भेटले आहेत.

हवा भरायची वेळ आली. ट्यूबलेस टायरला सुरुवातीला हवेचा जोरदार लोट लागतो, म्हणजे दोन्ही कडा फटाफट बाहेर सरकून रिमच्या भिंतींना टेकतात. शेठकडे ट्रकच्या कामाचा कॉम्प्रेसर होता. पण सायकलचा व्हॉल्व बारीक, फ्रेंच पद्धतीचा. कॉम्प्रेसरचं तोंड त्याला लागेना. भाच्याने खिशातून पितळेचा इवलासा अडॅप्टर काढला. गर्दी जमली. पहिला "फट्" झाला, लोक मागे सरले. दुसरा "फट्" झाला, लोक पुढे आले. टायर बसला. टाळ्या पडल्या. लगेच तीन अंगठे पुढे आले आणि एकमताने म्हणाले, "हवा कमी आहे."

तेवढ्यात ड्रायव्हरकाका आले.

काकांचं नाव गावात कोणी घेत नाही. ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, आणि त्यातही घाटातले. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. बोरघाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्या चढावर गाडीला मागून ढकलत लोणावळ्याला पोचवायचं, आणि इंजिन घेऊन खाली यायचं. कर्जतच्या फलाटावर गाडी थांबते ती या बँकरसाठी. प्रवाशांना मात्र ती दिवाडकरांच्या वड्यासाठी थांबते असं वाटतं. आयुष्य असं मागून ढकलण्यात गेल्यामुळे काकांना पुढे धावणाऱ्या कोणत्याही गोष्टीबद्दल संशय आहे. निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर अजून असतं. आम्ही आंब्याच्या कोयीपासून लग्नाच्या अंगठीपर्यंत सगळं त्यांच्याकडून मोजून घेतो.

"रुंदी किती?" काकांनी विचारलं.

"दोन पूर्णांक एक इंच. ५४ मिलिमीटर," भाचा म्हणाला.

"टायरची नाही. रिमची."

भाचा तयारीचा होता. "२२."

"बाहेरून मोजलीस. आतून?"

शांतता. काकांनी बसलेल्या टायरकडे पाहिलं, मग मागचं चाक मागवलं. ते अजून उघडंच होतं. रिमच्या दोन्ही भिंतींच्या वरच्या टोकांना आत वळलेले ओठ असतात, त्यांना हूक म्हणतात. काकांनी त्या दोन ओठांमधलं अंतर मोजलं आणि कॅलिपर भाच्याच्या नाकासमोर धरलं. १७. मग रिमवर चिकटलेली चार वर्षांची माती अंगठ्याने घासली. खालून स्टिकर निघाला: ६२२ गुणिले १७. कारखान्याने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं.

"पण बाहेरून तर २२ आहे," शेठ म्हणाले.

इथे वहिनींना वाचा फुटली. त्यांनी स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत फ्लॅट बुक केला होता, आणि जाहिरातीतले सहाशे चौरस फूट प्रत्यक्षात कसे आटतात याचा त्यांना दांडगा अनुभव होता. "म्हणजे बाहेरचं ते बिल्ट-अप, आणि आतलं ते कार्पेट," त्या म्हणाल्या. "सामान कार्पेटमध्येच राहतं. भिंतीत कोणी पलंग टाकतं का?"

जमलेल्या गर्दीत इतका लख्ख उजेड पडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. घराच्या व्यवहारात कार्पेट एरियाच सांगा असा रेरा कायदा २०१७ पासून लागू आहे. सायकलच्या दुकानांना तो लागू नाही, एवढाच काय तो घोटाळा.

मग काकांनी हिशोब मांडला. टायर आणि रिम यांच्या जोड्या ठरवणारी ईटीआरटीओ नावाची युरोपातली संस्था आहे. तिच्या जुन्या तक्त्यात १७ च्या रिमला २५ पासून साधारण ५० पर्यंतचे टायर चालतात. अमेरिकेतले सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन, जे २००८ मध्ये वारले आणि ज्यांचा शब्द सायकलवाले अजूनही प्रमाण मानतात, ते जास्त जपून वागत: टायर हा रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट असावा, नेमकं सांगायचं तर १.४५ ते २ पट. त्या हिशोबाने १७ ला ३४ पर्यंत. पुढे त्यांनी हेही लिहिलंय, की हा सल्ला जरा सावध आहे आणि बरेच लोक यापुढे जाऊनही सुखरूप असतात. भाच्याने त्यांचं तेवढंच वाक्य वाचलं होतं.

"५४ भागिले १७," काका म्हणाले, "तीनपटीच्याही वर. सावध नियमातही नाही, ढिल्या तक्त्यातही नाही."

"पण काका, बसलाय की," शेठ आणि भाचा एकदम म्हणाले. आचार्य आणि शिष्य.

काका गप्प बसले. घाटातल्या ड्रायव्हरला ठाऊक असतं, की उतारावर सांगून कोणी थांबत नाही.

मागच्या चाकात तो टायर फ्रेमला घासू लागला, म्हणून मागे जुनाच राहिला. पुढच्या चिमट्यात तो जेमतेम मावला. दोन्ही बाजूंना कागद सरकेल एवढी फट. अंगठ्यांच्या आग्रहाखातर शेठनी कडक हवा भरली. भाच्याने दुकान सोडताच, रुंद टायरला कमी हवा असा मोबाइलवरच्या गुरूंचा मंत्र आठवून, ती निम्म्याहून जास्त सोडली. टायर मऊ झाला. खड्डे गायब झाले. "मामा, गादीवरून चाललोय!" असं ओरडत तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. पेव्हर ब्लॉकच्या वळणावर त्याने हँडल वळवलं. रिम वळली. टायरने विचार करायला वेळ घेतला. मग त्याने एक भरदार ढेकर दिली, आणि सायकल एकीकडे, भाचा दुसरीकडे आणि सीलंट सगळीकडे.

कोपर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. वहिनींनी रस्त्यावरचं पांढरं पाहून आधी "दूध कोणाचं सांडलं?" असं विचारलं, मग भाच्याला उचललं. एका कुत्र्याने वास घेतला आणि कपाळाला आठ्या घालून तो निघून गेला.

आता काकांना श्रोते मिळाले. त्यांनी सांगितलं ते असं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा आकार वर फुगीर आणि खाली निमुळता होतो. बाजूंना आधार राहत नाही. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणावर टायरचा माथा एका दिशेला आणि तळ दुसऱ्या दिशेला जाऊ पाहतो. त्या ओढीत टायरच्या कडेची तार, जिला बीड म्हणतात, ती रिमच्या भिंतीपासून क्षणभर सुटते. आत ट्यूब असती तर हवा ट्यूबमध्येच राहिली असती. ट्यूबलेसमध्ये रिम आणि टायर मिळूनच हवेची पिशवी. फट पडली की हवा गेली. हवा गेली की टायर आणखी ढिला, आणि ढिला टायर की आणखी फट. खऱ्या ट्यूबलेस रिममध्ये बीड बसायला सपाट कट्टा असतो, आणि बीड आत घसरू नये म्हणून पुष्कळदा बारीक उंचवटाही. भाच्याची रिम ट्यूबच्या काळातली, तिला असला काही उंचवटा नव्हता. टेपचे दोन वेढे मारून ती ट्यूबलेस झाली नव्हती, नुसती हवाबंद झाली होती.

"मग मी म्हणत होतो तेवढी हवा ठेवायची ना!" एक अंगठा म्हणाला.

हीच खरी मेख आहे, काका म्हणाले. टायरच्या कापडावर बसणारी ओढ हवेच्या दाबावर अवलंबून असते, तशी टायरच्या रुंदीवरही. २७ चा टायर काढून ५४ चा घातला आणि दाब तोच ठेवला, तर ओढ दुप्पट होते. ती ओढ जाते कुठे? रिमच्या भिंतींवर, त्यांना बाहेर फाकवत. म्हणून चांगले कारखानदार टायर जसजसा रुंद, तसतसा रिमचा कमाल दाब कमी करून छापतात. म्हणजे अरुंद रिमवरच्या रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवावी तर तो वळणावर सुटतो, आणि जास्त भरावी तर रिम फाकते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आमच्या गावाचा अंगठा.

भाच्याने खरचटलेलं कोपर चोळत शेवटचा बचाव मांडला. "काका, मोठमोठे लोकही पडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत यूएई टूरमध्ये बेल्जियमचा थॉमस डी गेंट पडला, टायर रिमवरून सुटला. जगभर वाद झाला."

"त्याची रिम कशी होती?"

"हुकलेस. म्हणजे आत वळलेले ओठ नसलेली. आणि लोकांचं म्हणणं, की टायरच्या मानाने ती फार रुंद होती."

"म्हणजे तिथेही प्रश्न जोडीचाच होता," काका म्हणाले. "तू निदान दुसऱ्या बाजूने पडलास."

त्या संध्याकाळी काकांनी भाच्याला लेखी कॉशन ऑर्डर दिली. रेल्वेत पुढे रूळ खराब असेल, पुलाचं काम चालू असेल तर ड्रायव्हरच्या हातात असा कागद देतात: इथून इथपर्यंत वेग इतका, कारण अमुक. मी तो कागद पाहिलाय. अक्षर ताठ, प्रत्येक ओळीखाली रेघ.

पहिली ओळ: आधी व्यास, मग रुंदी. टायरवर इंचांतले आकडे काहीही असोत, बारीक अक्षरांत ५४-६२२ असा जोडआकडा शोधावा. पहिला टायरची रुंदी, दुसरा बीडचा व्यास. दुसरा आकडा रिमच्या आकड्याशी तंतोतंत जुळलाच पाहिजे. तिथे "चालेल" हा शब्द चालणार नाही.

दुसरी ओळ: रिम आतून मोजावी, ओठापासून ओठापर्यंत. बाहेरचं माप जाहिरातीला.

तिसरी: टायरवाला एक मर्यादा सांगतो, रिमवाला दुसरी, सायकलवाला तिसरी. तिघांतला जो सर्वांत घाबरट, त्याचं ऐकावं. दाबाच्या बाबतीतही तेच. टायरवर छापलेला कमाल दाब आणि रिमवरचा कमाल दाब यांतला कमी असेल तो खरा. हुकलेस रिम असेल तर ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कोणत्याही परिस्थितीत नाही, आणि त्यावर टायरही हुकलेसला चालेल असा लिहिलेलाच घ्यावा.

चौथी: रिम ट्यूबलेसची नसेल तर ट्यूब घालावी. त्यात कमीपणा नाही.

पाचवी: रिमवर दाबणारे ब्रेक असलेली जुनी चाकं असतील तर रिमची भिंत हाताने चाचपावी. वर्षानुवर्षं ब्रेक घासून ती पातळ झालेली असते. अशा भिंतीवर रुंद टायरची ओढ टाकू नये.

सहावी: चिमट्यात आणि फ्रेममध्ये जागा ठेवावी. कागदाएवढी फट उन्हाळ्यात पुरेल. लावणीच्या दिवसांत भाताच्या खाचरातली एक माती चिकटली की चाक जागच्या जागी थांबेल, आणि चालवणारा थांबणार नाही.

सातवी: ५४ चा टायर खरंच हवा असेल तर त्याला २५ ते ३० मिलिमीटर आतल्या रुंदीची ट्यूबलेस रिम आणि तो मावेल अशी सायकल लागते. म्हणजे टायरसाठी रिम, रिमसाठी चाक, चाकासाठी सायकल. वडिलांशी बोलावे.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या.

हा कागद वाचल्यापासून मी रविवारी येणाऱ्या झुंडींकडे नव्या नजरेने पाहतो. वड्याच्या गाडीवर कोणी मोठ्या टायरची सायकल टेकवली, की मी वाकून रिमवरचा स्टिकर शोधतो. पुष्कळांची जोडी चोख असते. महागड्या सायकली तशाच जोडीने येतात. पण मधूनच एखादा सापडतो, ज्याने जुन्या चाकांवर नवा थाट चढवलाय. त्याला मी विचारतो, "आतून किती?" तो टायरची रुंदी सांगतो. मी पुन्हा विचारतो. तो वजन सांगतो. तिसऱ्यांदा विचारलं की किंमत सांगतो. माणसाला आपल्याजवळच्या वस्तूबद्दल जे दिसतं ते सगळं तोंडपाठ असतं. ज्याच्या आधारावर ती उभी आहे तेवढाच आकडा त्याला कोणी शिकवलेला नसतो.

भाच्याने ते टायर विकले. घेणाऱ्याची रिम काकांनी स्वतः मोजली, तेव्हाच सौदा होऊ दिला. मग त्याच्यासाठी टायर निवडायला समिती बसली. शेल्डन ब्राउन ३४ म्हणत होते, जुना तक्ता पन्नासपर्यंत सोडत होता. काकांनी तक्त्याच्या दोन टोकांचा मध्य काढला आणि ३७ वर बोट ठेवलं. बाजारात ३७-६२२ असा टायर मिळतो. आत ट्यूब. चिमट्यात दोन्ही बाजूंना करंगळी जाते. या निवडीत तक्त्याचा वाटा किती आणि बोरघाटाच्या १:३७ चा किती, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही. हवा दाबमापक लावून भरली, आणि शेठनी ती भरताना आपला अंगठा पाठीमागे धरून ठेवला. त्यांना ते फार जड गेलं.

परवा भाचा सायकल घेऊन स्टेशनच्या भिसेगावच्या बाजूला उभा होता. एका अनोळखी गृहस्थांनी टायरकडे पाहून विचारलं, "कुठला नंबर?"

"३७६२२," भाचा घाईत म्हणाला.

२०१० च्या डिसेंबरपासून आपल्याकडे गाड्यांचे नंबर पाच आकडी आहेत, आणि कर्जतमध्ये पाच आकड्यांचा दुसरा अर्थ होत नाही. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. "आज नवीन लागली वाटतं. लोणावळ्याला थांबते का?"

"घाट चढली तर थांबेल," मागून ड्रायव्हरकाका म्हणाले, आणि त्यांनी सीटला हात लावून भाच्याला चढाच्या दिशेने ढकललं.